वरीलप्रमाणे

माझ्या बायकोचं म्हणणं आहे की मी आधी दूधवाल्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग दुधाकडे. खोटं नाही. एकतीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली एकोणीस ठाण्यात लिखापढी करण्यात गेली. समोर आलेला माणूस काहीतरी लपवतोय असं गृहीत धरलं की निम्मं काम सोपं होतं. निवृत्तीनंतर ही सवय कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पण 'पारख' आली आणि माझ्यासारख्या संशयी म्हाताऱ्यांना पुन्हा नोकऱ्या लागल्या.

पारख म्हणजे काय ते आधी सांगतो. २०३३ साली एक कायदा झाला. ज्याला अटक झाली पण शिक्षा झाली नाही, त्याची नोंद सगळीकडून पुसून टाकायची. ठाण्यातून, कोर्टातून, वर्तमानपत्रांच्या जुन्या संग्रहातूनसुद्धा. नोकरी देणाऱ्याने 'तुम्हाला कधी अटक झाली होती का' एवढं विचारणंही गुन्हा. लोक त्याला पुसणी कायदा म्हणतात. कायदा चांगला होता. आमच्या ठाण्यातली चार कपाटं रिकामी करायला मी स्वतः तीन दिवस खपलो होतो.

पण नोकरी देणाऱ्यांच्या मनातली भीती काही पुसली गेली नाही. त्यांना पारख मिळाली. पारख नोंद वाचत नाही, कारण नोंद उरलेलीच नाही. नोंदीमुळे माणसाच्या आयुष्यात जे बदलतं ते ती वाचते. कायदा यायच्या आधी तिला लाखभर माणसांचा माग शिकवला होता, कुणाला अटक झाली होती आणि कुणाला नाही हे सांगून. अटक झालेल्या माणसाचा फोन काही तास अचानक मुका होतो. महिन्या-दोन महिन्यांत तो घर बदलतो. पडताळणी आली की नोकरी सोडतो. ओळखीच्या दोन माणसांची नावं द्या म्हटलं की थांबतो. यातली एकेक गोष्ट कुणाच्याही बाबतीत घडते, पण सगळ्या एका ठराविक क्रमाने घडल्या की यंत्राला कळतं. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं तरी मागे पांढरा चौकोन राहतोच, पारख तो चौकोन बघते. मग ती शून्य ते शंभरमधला विश्वासांक देते. पन्नासच्या खाली गेला की माणूस अपात्र.

हा अंक एकट्याचा राहत नाही. ज्यांच्यासोबत तुम्ही राहता, जेवता, बोलता, त्यांचा थोडा थोडा अंश तुमच्यात मिसळतो. त्याला संगतभार म्हणतात. यंत्र बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की माणूस संगतीवरून ओळखावा. मला ते तेव्हा पटलं होतं.

कोर्टाने एवढंच सांगितलं की यंत्राने परस्पर कुणाला नाकारायचं नाही, प्रत्येक नकारावर माणसाची सही हवी. म्हणून सातारच्या बाहेर, महामार्गाला लागून एका इमारतीत आम्ही अकरा जण बसायचो. निवृत्त पोलीस, कोर्टातले निवृत्त कारकून. एका फाइलला सात मिनिटं. 'पात्र' लिहायचं असेल तर कारण द्यावं लागायचं, 'अपात्र'ला लागायचं नाही. तीन वर्षांत मी एकदाही कारण दिलं नव्हतं.

त्या मंगळवारी अकरा वाजता अविराज बाळकृष्ण सुतार माझ्यासमोर येऊन बसला. वय छत्तीस, फ्रिज-कूलर दुरुस्तीचा कारागीर. जिल्ह्याच्या लसींच्या शीतगृहात तंत्रज्ञाची जागा निघाली होती, तिच्यासाठी अर्ज. विश्वासांक एकतीस. उमेदवाराला समोर येऊन म्हणणं मांडायचा हक्क असतो. शंभरात दोघं-तिघं तो वापरतात. हा त्यातला एक. त्याची फाइल माझ्याकडे आली कारण आम्ही दोघं एकाच तालुक्याचे. स्थानिक माणसाला स्थानिक कळतं, असा पारखचा नियम आहे.

"सोळा वर्षांत सहा नोकऱ्या?" मी विचारलं.

"पडताळणी आली की सोडतो."

"का?"

"आपण सोडली तर काढलं असं लिहून येत न्हाय."

उत्तर पाठ केल्यासारखं आलं. त्याला घाम नव्हता, चुळबूळ नव्हती. घाबरलेल्या माणसावर माझा एक वेळ विश्वास बसतो, शांत बसलेल्यावर नाही. मी अंगठा जिभेला लावला आणि पडद्यावरचं पुढचं पान सरकवलं.

'सतरा वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशी. सकाळी नऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात, फोन मूक. त्याच ठिकाणी, त्याच वेळी इतर एकोणसाठ फोन मूक. त्या गटातील एक्केचाळीस जणांना पुढे वेगवेगळ्या गुन्ह्यांत शिक्षा. आकृतिबंध जुळतो.'

खाली नकाशावर एक ठिपका होता. त्या ठिपक्यावर काय आहे ते सांगायला मला यंत्राची गरज नव्हती. समोर ठाणं, मागे पत्र्याची शेड, शेडच्या दाराशी लाकडी टेबल. त्या टेबलाशी मी बसायचो.

"त्या दिवशी कुठं होता?" मी विचारलं.

तो पहिल्यांदा हसला. "सांगितलं तरी अंक घसरतो, न्हाय सांगितलं तरी घसरतो. एक शब्द हाय, तो तुम्ही उच्चारायचा न्हाय असा कायदा, आणि मला उच्चारायची सक्ती न्हाय. मग आपण बोलायचं कसं, मामा?"

मामा. त्या इमारतीत मला सगळे काका म्हणायचे नाहीतर साहेब. टेबलावरच्या पाटीवर नावही नव्हतं, 'पडताळणी अधिकारी क्र. ११' एवढंच. मामा म्हणतात ते पोलिसाला. ह्या माणसाने मला ओळखलं होतं आणि तरी हा शांत बसला होता. हा नोकरीसाठी आला आहे की माझ्यासाठी, ते मला कळेना. मी फाइलवर 'राखून ठेवले' असं लिहिलं. तसं तीन दिवस ठेवता येतं.

दुपारी घरी आलो तो थेट माळ्यावर चढलो. विमलने खालून स्टूल धरलं. "आता काय पाडताय?" तिने विचारलं.

"डायऱ्या."

ठाण्याची दप्तरं पुसणी कायद्यात गेली, पण माझ्या खिशातल्या डायऱ्या मी दिल्या नव्हत्या. त्या माझ्या, असं मीच ठरवलं होतं. कायद्याने तसं जवळ बाळगणं हाही गुन्हा. पत्र्याच्या ट्रंकेतून २०२४ची निघाली. पलंगावर बसून मी पानं उलटली आणि सप्टेंबरमध्ये ती यादी सापडली. अक्षर माझंच.

गणपती आले की वरून आकडा यायचा. इतक्या लोकांवर प्रतिबंधात्मक कारवाई करा. म्हणजे विसर्जनात दंगा करतील अशांना आधीच उचलून बसवायचं. त्या वर्षी आकडा साठ होता. जुन्या यादीतले काही मेले होते, काही पुण्या-मुंबईला गेले होते. सत्तावन्न भरले. पाच वाजता साहेब निघणार, त्याच्या आधी यादी गेली पाहिजे. टेबलावर गणेश मंडळांचे लाउडस्पीकरच्या परवानगीचे अर्ज पडले होते, मंडळाच्या सचिवाचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सगळं सुवाच्य. मी वरच्या तीन अर्जांवरून तीन नावं उतरवली. पोरं मंडळातली आहेत, मारामारी करतातच, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर तेवढाही विचार मी केला नव्हता.

शेवटचा रकाना कारणाचा. सत्तावन्न नंबरला दिन्या होता, दोघांवर कोयता चालवलेला. त्याच्यापुढे मी कारण पूर्ण लिहिलं होतं: 'धारदार शस्त्राने दुखापत, परिसरात दहशत.' अठ्ठावन्न नंबरला अविराज बाळकृष्ण सुतार. पुढे 'वरीलप्रमाणे'. एकोणसाठ, वरीलप्रमाणे. साठ, वरीलप्रमाणे. लिहिणाऱ्याचा हात दुखतो, आमच्याकडे सगळेच तसं लिहायचे.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी त्याला उचललं. तहसील कार्यालय सुट्टीमुळे बंद, जामीन कोण घेणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. कोर्ट नाही, खटला नाही. आमच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं. म्हणून तर सतरा वर्षांत मला तो एकदाही आठवला नाही.

विमलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग पात्र म्हणून सही करा की."

"पात्रला कारण लागतं. कारण लिहायचं म्हणजे हे पान दाखवायचं."

"आणि दाखवलं तर?"

"नोकरी जाईल. अंक आपटेल."

आमची स्वरांजली नर्स आहे. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षात तिची निवड झाली होती आणि पंधरा दिवसांत तिची पडताळणी होती. ती आमच्यातच राहते. माझा अंक पडला की संगतभाराने तिचाही पडणार, हे विमलला माझ्याइतकंच कळत होतं. तिने माझ्या हातातून डायरी घेतली, स्वतः स्टुलावर चढली आणि ट्रंकेत ठेवून झाकण लावलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला लबाडी करताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि ती माझ्यामुळे करत होती.

दुसऱ्या दिवशी मी अविराजच्या दुकानावर गेलो. जायला नको होतं. पण हा मनात काय धरून बसलाय ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. तो डेअरीच्या एका मोठ्या कूलरखाली उताणा पडला होता. मला बघून बाहेर आला, हात पुसले, समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

"तुम्ही येणार म्हाईत होतं," तो म्हणाला.

"मला ओळखलं कसं?"

"पान उलटायच्या आदी तुम्ही अंगठा जिभेला लावता. तवा बी लावत होता. काल स्क्रीनला पण लावला." तो हसला. "त्या दिवशी शेडमधी बसून दिवसभर तेवढंच बघत होतो मी."

मी वाट बघत होतो, आता हा काहीतरी मागेल. धमकी तरी देईल. त्याने चहाचा ग्लास माझ्या हातात दिला.

"तुमच्यावर राग न्हाय माझा, मामा. तुम्ही हुकमाचे ताबेदार. कुणीतरी नाव दिलं, तुम्ही लिवलं."

"कुणी दिलं?"

"सागरनं. माझा चुलतभाऊ." तो हे इतक्या सहज म्हणाला की वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं आहे हे कळत होतं. "मंडळात आमचं वाजलं हुतं. त्याला डीजे पायजे हुता, मला लेझीम. आठ दिवसांनी मला उचललं. त्या दिवशी डीजे वाजला आणि फुडल्या वर्षी सागर अध्यक्ष झाला. दुसरं कोण असंल?"

"मग?"

"मग काय. गाव सोडलं. त्याच्या लग्नाला गेलो न्हाय. काकांच्या मातीला गेलो, पण त्याच्याशी बोललो न्हाय. एका ताटात जेवलेलो आमी. सतरा वर्षं झाली." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आता तो अजिबात शांत नव्हता. "तुम्ही तिथं हुता. नोकरीचं ऱ्हाऊ द्या. एवढंच सांगा. नाव त्यानंच दिलं न्हवं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण डोळ्यांसमोर स्वरा होती, तिचा इस्त्री करून ठेवलेला गणवेश होता.

"लई वर्षं झाली," मी म्हणालो. "आठवत नाही."

चहा चटका बसेल इतका गरम होता, तो मी तसाच घशाखाली ओतला आणि निघालो. मला स्वतःची एवढी किळस आधी कधी आली नव्हती. एकट्या पारखने ह्या माणसाच्या नोकऱ्या खाल्ल्या असं मी समजत होतो. त्याचा भाऊ मी खाल्ला होता, एका शब्दाने, आणि पारख तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी आमच्या प्रमुख रेणुका देशमाने मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी, बोलायला गोड.

"कणसेकाका, तुमच्या नावावर पिवळा ठिपका आलाय."

"कशाबद्दल?"

"तीन वर्षांत तुम्ही एकही फाइल राखून ठेवली नाही, ही ठेवलीत. आणि बुधवारी चाळीस मिनिटं तुमचा फोन उमेदवाराच्या दुकानात होता." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "तुमचा अंक अठ्ठ्याऐंशी होता. आज एकोणऐंशी आहे. काही घेतलं-बिघेतलं नाहीत ना?"

मी एकतीस वर्षं लोकांकडे ज्या नजरेने बघितलं, त्याच नजरेने ती पोर माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो. त्या 'नाही'लाही पारख कुठेतरी कान लावून बसली असणार.

"मग अपात्र करून टाका," मॅडम म्हणाल्या. "ठिपका आपोआप जाईल."

खरंच जाणार होता. एक बोट टेकवायचं होतं फक्त. पण सकाळी विमल देवपूजेला बसलेली असताना मी माळ्यावर चढलो होतो. डायरी माझ्या पिशवीत होती.

"मला ह्या उमेदवाराची दुसरी सुनावणी हवी," मी म्हणालो. "नोंद होईल अशी."

अविराज साडेअकराला आला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. मी डायरी उघडून त्याच्यासमोर ठेवली.

"तुम्हाला त्या दिवशी अटक झाली होती," मी म्हणालो. तो शब्द उच्चारल्याबरोबर पडद्यावर इशारा आला, नियमभंग. मी तो बाजूला सारला. "अठ्ठावन्न नंबरला तुमचं नाव आहे. ते मी लिहिलं. कुणी दिलं नव्हतं. साठचा आकडा भरायला तुमच्याच अर्जावरून उतरवलं."

तो पान वाचत राहिला. बोट रकान्यावर फिरवत शेवटच्या शब्दाशी थांबला.

"वरीलप्रमाणे. वर कोण हाय?"

"दिन्या."

"कोयतेवाला?"

"हो."

त्याला राग यायला हवा होता. दिन्यासारखाच तूही, असं त्याच्या नावापुढे लिहिलं होतं मी. पण त्याचं लक्ष तिथे नव्हतंच.

"सागरनं न्हाय दिलं?"

"नाही. कुणीच दिलं नाही."

"त्यानं न्हाय दिलं," तो पुन्हा म्हणाला. स्वतःशीच.

मला वाटलं हा मला मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो उठला, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि बाहेर गेला. काचेतून मला दिसत होतं, त्याने जिन्यापाशी फोन काढला, बघितला, खिशात ठेवला, परत काढला.

मी फाइलवर 'पात्र' लिहिलं. कारणाच्या रकान्यात सगळं लिहिलं, एक ओळही न गाळता. तासाभरात माझं ओळखपत्र दाराला चालेनासं झालं. संध्याकाळपर्यंत माझा अंक बावीसवर आला.

आठव्या दिवशी कुटुंबाची सूचना आली. स्वरानेच ती उघडली आणि जेवणाच्या टेबलावर आमच्यासमोर धरली. तक्ता होता. पहिल्या ओळीत मी: 'नोंदीत फेरफार, पुसलेली नोंद जवळ बाळगणे, उमेदवाराशी खाजगी संपर्क.' दुसऱ्या ओळीत विमल. तिसऱ्या ओळीत स्वरांजली, अंक सेहेचाळीस, अपात्र प्रस्तावित. दोघींच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. वरीलप्रमाणे.

तो शब्द मी आयुष्यात हजारो वेळा लिहिला असेल. वाचला पहिल्यांदाच.

"खरं बोललात ते बरं केलंत, पप्पा," स्वरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. "पण आधी मला सांगितलं का नाही?"

"तू नको म्हणाली असतीस."

"असं तुम्हाला वाटलं." तिने तक्ता खाली ठेवला. "म्हणजे माझ्यावरही संशयच घेतलात ना?"

विमल उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. स्वराने त्याच दिवशी म्हणणं मांडायचा अर्ज केला.

सुनावणीला मी तिच्यासोबत गेलो. आत जायची मला परवानगी नव्हती, म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. आतला पडताळणी अधिकारी नवा होता, कोर्टातला निवृत्त कारकून म्हणे. तो कोणत्या गावचा, त्याने आयुष्यात काय काय कुणाच्या नावापुढे लिहिलं असेल, सात मिनिटांत माझ्या पोरीचं तो काय करेल, ह्याच विचारात होतो. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अविराज वर आला. त्याच्यामागे एक जाडसर माणूस, नाक अगदी अविराजसारखं.

प्रकरणात ज्याचं नुकसान झालं त्याला सुनावणीची सूचना आणि तक्ता जातो, आणि त्याला म्हणणं मांडता येतं, बाजूने किंवा विरुद्ध, हे मला माहीत होतं. माझ्याकडून सतरा वर्षं वसूल करायची तर ह्याच्याहून चांगली जागा त्याला मिळणार नव्हती. मी उठून दारात उभा राहिलो.

"अविराज, जे काय असेल ते माझ्याशी बोला," मी म्हणालो. "पोरीला मधे आणू नका. पाया पडतो तुमच्या."

"बाजूला व्हा, मामा," तो म्हणाला. "मला बोलायचा हक्क हाय."

मी बाजूला झालो. दार लागलं. तो जाडसर माणूस माझ्याशेजारी बाकावर बसला.

"तुम्ही सागर," मी म्हणालो.

"व्हय."

"फोन केला होता त्यांनी?"

"केला. मी इचारलं कोण बोलतंय." त्याने तळहातांकडे बघितलं. "आवाज वळखला न्हाय मी त्याचा."

सात मिनिटं झाली. पंधरा झाली. आत काय चाललंय ते कळेना. दाराच्या काचेतून फक्त स्वराची पाठ आणि तिची वेणी दिसत होती. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. अविराज बाहेर आला, माझ्याकडे न बघता सागरच्या खांद्याला हात लावला आणि दोघं जिना उतरून गेले. मागून स्वरा आली.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"एकच गोष्ट." ती बाकावर बसली. "म्हणाला, हिच्या नावाफुडं वरीलप्रमाणे लिवू नका. हिचं काय असंल ते हिला इचारा आणि वेगळं लिवा."

"मग?"

"मग त्या साहेबांनी विचारलं. नर्सिंग कुठे केलं, पहिलं बाळ हातात घेतलं ते किती वजनाचं होतं, रात्रपाळीला कोण सोबत असतं. सगळं हाताने लिहून घेतलं. यंत्राचं सात मिनिटांचं घड्याळ वाजलं, ते त्यांनी बंद केलं."

"आणि निकाल?"

"सोमवारी."

खिडकीतून खालचं आवार दिसत होतं. दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर बसत होते, अविराज पुढे, सागर मागे. कशावरून तरी वाद चालला होता त्यांचा, हातवारे दिसत होते. मग गाडी फाटकातून बाहेर पडली.

"स्वरा," मी म्हणालो, "तो आत येताना मी त्याला दारात अडवला. मला वाटलं तो तुझं वाटोळं करायला आलाय."

तिने पर्स खांद्याला अडकवली.

"दिसलं मला काचेतून," ती म्हणाली. "चला, आई वाट बघत असेल."